किशोरवयातलं नैराश्य: पहिल्या भेटीपासून गोळी बंद होईपर्यंत

चौदा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे, मानसोपचार विभागात, आलेले पालक तक्रार सांगतात ती साधारण अशी: आठवीपर्यंत ऐंशी टक्क्यांच्या खाली कधी आला नाही, यंदा सहामाहीत पन्नासवर आला. सकाळी उठत नाही. शब्दाला शब्द वाढवतो. पोट दुखतं म्हणून शाळा बुडते. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. डोकं दुखतं म्हणून चष्म्याचा नंबर तपासून झाला, एमआरआयपर्यंत मजल गेली. मधल्या काळात कुठला तरी अंगारा, गंडा हेही झालेलं असतं. ‘उदास आहे’ असं क्वचितच कोणी म्हणतं, कारण या वयात उदासी बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात बाहेर पडते. निदानाच्या निकषांतही त्याची सोय आहे. मोठ्यांच्या बाबतीत मन उदास आहे का, हे पाहतात. मुलांच्या बाबतीत सततची चिडचिड असली तरी ती धरली जाते.

एक वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून येतं: ‘मित्र आले की हसतो-खिदळतो, मग आमच्यासमोरच का तोंड पाडून बसतो? नाटकं आहेत सगळी.’ नाटकं नसतात. किशोरवयातल्या नैराश्यात मनासारखं काही घडलं की मन तासभर वर येतं आणि पुन्हा खाली बसतं. मित्रांसोबत दोन तास हसलेलं तेच मूल रात्री अडीच वाजता छताकडे बघत जागं असतं, आणि ते बघायला घरात कोणी जागं नसतं.

पहिल्या भेटीला तासभर लागतो. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत तेवढा वेळ मिळत नाही, मग ती भेट दोन दिवसांत विभागावी लागते. पण जिवाला धोका किती आहे याचा अंदाज पहिल्याच दिवशी घ्यायचा, तो पुढच्या तारखेवर ढकलायचा नाही. आधी सगळे एकत्र बसतात, मग आईवडील बाहेर. ‘आई, तुम्ही पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसता का?’ म्हटल्यावर ‘माझ्यापासून तो काही लपवत नाही’ असं उत्तर येतं. तरी उठवावं लागतं. तंबाखू, व्हेप, दारू, प्रेमप्रकरण, वर्गातली छळवणूक, घरातली मारहाण, यातलं काहीही आईसमोर निघत नाही.

एकट्या मुलाला सगळ्यात आधी नियम सांगायचा. तू इथे बोलशील ते आम्ही बाहेर जाऊन सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र सांगाव्या लागतील: तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि तुझ्यावर कोणी लैंगिक अत्याचार करत असेल तर. या तिसऱ्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरला तिथे निवड नाही. नियम आधी सांगण्याला महत्त्व एवढ्यासाठी, की मुलाने सगळं सांगून टाकल्यावर ‘आता हे मला कळवावं लागेल’ म्हटलं की ते मूल पुन्हा कुणासमोरच तोंड उघडत नाही.

मग लक्षणं. मन उदास किंवा चिडचिडं, आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, भूक किंवा वजनात बदल, झोप उडणं किंवा अति झोप, हालचाली मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण कुचकामी आहोत, सगळं आपल्यामुळे बिघडलं असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. या नवांपैकी किमान पाच, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच, दोन आठवडे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ, आणि त्यामुळे शाळा, घर, मैत्री यांपैकी काहीतरी कोलमडलेलं. रस गेला आहे का, हे ‘तुला बरं वाटत नाही का?’ विचारून कळत नाही. ‘शेवटचं क्रिकेट कधी खेळलास?’, ‘रील बनवायचीस ना, मग बंद कधी केलंस?’ असं नेमकं विचारलं की तारीख बाहेर येते, आणि तीच बहुधा आजाराची सुरुवात असते.

पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली मराठीतही आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या पुढे मध्यम, पंधराच्या पुढे बऱ्यापैकी तीव्र, वीसच्या पुढे तीव्र. या आकड्यावरून निदान करायचं नसतं, तो पुढच्या भेटींशी तुलना करायला लागतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही कमी असो, त्या एका प्रश्नाला शून्यापेक्षा जास्त गुण आले की तिथे थांबून बोलायचं.

ते बोलणं सरळ असावं लागतं. ‘झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं? काही ठरवलंयस का? याआधी काही केलं होतंस?’ विचारल्याने डोक्यात विचार घुसतो, ही भीती पालकांना आणि अनेक शिक्षकांना असते. तसं होत नाही. बहुतेक मुलं हा प्रश्न विचारल्यावर सुटका झाल्यासारखी बोलू लागतात. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेलं मूल दिसलं तर बाही वर करायला सांगायचं. हातावर चरे असतात तेव्हा ते मरणासाठीच असतात असं नाही. असह्य ताण क्षणभर उतरावा म्हणून बरीच मुलं ते करतात. पण अशा मुलांच्या बाबतीत पुढचा धोका वाढलेला असतो, म्हणून रागावून किंवा ‘लक्ष वेधून घेतोय’ म्हणून तो विषय संपवता येत नाही.

निदान पक्कं करण्याआधी काही दारं, म्हणजे अशीच लक्षणं देणारी दुसरी कारणं, तपासून बंद करावी लागतात. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, शाकाहारी घरांत बी-१२ आवर्जून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड ही त्याचीही लक्षणं आहेत. चालू औषधांची यादी मागायची: पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठी लेव्हेटिरासेटाम, दम्यासाठी पोटातून स्टेरॉइड, या सगळ्यांचा मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो. अभ्यासात पहिलीपासूनच अडखळणारं मूल असेल तर अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे का ते बघायचं, कारण वर्षानुवर्षं ‘ढ’ ठरवलं गेल्यावर येणारं नैराश्य केवळ गोळीने हलत नाही. सरकारी केंद्राचं प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलती हाच तिथे उपचाराचा मोठा भाग असतो.

आणि एक प्रश्न कधीही सोडायचा नाही: आधी कधी चार-पाच दिवस झोप न घेताही अंगात भरपूर जोर, विचार सुसाट, बोलणं थांबेना, पैसे उधळले, असं झालं होतं का? घरात काका, आत्या, आजोबा कुणाला असं? होकार आला तर हा बायपोलर आजार असू शकतो, आणि तिथे नुसती नैराश्याची गोळी दिली तर मूल उलट उसळू शकतं.

पालकांना एक कारण हवं असतं, शक्यतो मोबाइल. आम्ही कागदावर तीन रकाने करतो. पहिल्यात मूल काय घेऊन जन्मलं: आईवडिलांपैकी एकाला नैराश्य असेल तर मुलाचा धोका दोन ते तीन पटीने वाढतो, पण वाढतो एवढंच; तशा बऱ्याच मुलांना ते कधीच होत नाही. दुसऱ्यात वय काय करतं: वयात येण्याआधी मुलगे-मुली यांचं प्रमाण जवळजवळ सारखं असतं, नंतर मुलींमध्ये ते सुमारे दुप्पट होतं, शिवाय या वयात मेंदूचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री अकराच्या आधी झोप येत नाही, आणि सकाळी सातची शाळा किंवा सहाचा क्लास तर चुकत नाही. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मिळते सहा. तिसऱ्यात बाहेरून काय आलं: छळवणूक, घरातली भांडणं, मृत्यू, शहर बदलणं, प्रेमभंग, कर्ज, अत्याचार, परीक्षा. लातूरला किंवा कोट्याला नीटच्या तयारीसाठी गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा तिसरा रकाना एकट्यानेच भरून वाहतो: घर सुटलं, मित्र सुटले, खेळ सुटला, आणि गावात पहिला येणारा तिथे दर रविवारी तीनशेवा येतो. दर आठवड्याची ती यादी भिंतीवर लागते. आम्हाला विचाराल तर त्या यादीइतका निरुपयोगी कागद दुसरा नाही.

मोबाइल कारणांत असतो तो मुख्यतः झोपेच्या आणि छळवणुकीच्या वाटेने. कित्येकदा तो परिणाम असतो. बाहेर जायची ताकद उरलेली नसते म्हणून मूल त्यात तोंड खुपसून बसतं. एका रात्रीत हिसकावून घेतलात तर मित्रांशी उरलेला एकमेव धागाही तुटतो. रात्री साडेदहानंतर सगळ्या घराचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, आईवडिलांचेही, हे टिकतं.

पहिल्या दिवशी मूल घरी जाण्याआधी घराची सुरक्षितता ठरवायची असते. शेतकरी घरात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या गोठ्यात, माळ्यावर, पलंगाखाली असतात. त्या कुलूपबंद पेटीत, शक्य तर घराबाहेर, आणि किल्ली मोठ्यांपैकी एकाकडेच. आजोबांच्या बीपी-शुगरच्या, झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, हे सगळंही कुलपात. मुलाच्या गोळ्याही आईने रोज एक काढून द्यायच्या. पूर्ण पाकीट मुलाच्या हातात नाही. या वयातले बरेच प्रयत्न अगोदर फारसं न ठरवता, भांडण किंवा निकालानंतरच्या काही मिनिटांत होतात. त्या मिनिटांत साधन हाताशी नसणं यानेच जीव वाचतो. सोबत एक कागद: विचार वाढले की माझ्यात काय बदल होतो, तेव्हा मी काय करेन, कुणाकडे जाईन, कुणाला फोन करेन. त्यात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असतोच. तो २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

सौम्य नैराश्यात गोळी लगेच सुरू करत नाही. चार ते सहा आठवडे झोप, हालचाल, घरातलं वातावरण आणि समुपदेशन यांवर काम करून बघतो. समुपदेशन म्हणजे ‘सकारात्मक विचार कर’ असं सांगणं, हा समज समुपदेशकाची पाटी लावून बसलेल्या काहींचाही असतो. ज्याचा पुरावा आहे ती सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धत) ही १२ ते १६ भेटींची, गृहपाठ असलेली पद्धत आहे. आठवड्याला एक भेट, ४५ ते ५० मिनिटं. सुरुवात विचारांपासून करत नाहीत, कृतीपासून करतात, कारण मन लागेल मग उठेन या वाट बघण्यातच महिने जातात. पायऱ्या मुद्दाम हास्यास्पद वाटाव्यात इतक्या लहान ठेवायच्या. ‘रोज खेळायला जा’ हे पहिल्या आठवड्यात अपयशी ठरतं. ‘सहा वाजता चप्पल घालून मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं, खेळायचं नाही’ हे जमतं. जाण्याआधी आणि आल्यावर मनाला दहापैकी गुण लिहायचे. दोन वरून तीन झाला तरी तो त्याच्याच अक्षरात लिहिलेला पुरावा असतो. पाचव्या-सहाव्या भेटीपासून विचारांवर येतो: ‘सगळे मला हसतात’, म्हणजे कोण, किती जण, काल कोण हसलं, कोण हसलं नाही.

यात पालकांनाही गृहपाठ असतो. रोज वीस मिनिटं मुलासोबत, मार्क आणि करिअर हे विषय वर्ज्य. चुलत भावाचं उदाहरण बंद. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ रोजच्याहून फार तर तासभर पुढे. शाळा शक्यतो पूर्ण बंद करायची नाही. महिनाभर घरी राहिलेल्या मुलाला परत पाठवणं हा दुसरा आजार होऊन बसतो. अर्धा दिवस शाळा, मधल्या वेळेत बसायला ग्रंथालय, प्रकल्पाला मुदतवाढ, एवढं मुख्याध्यापकांशी बोलून मिळतं. पत्रात निदान लिहायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवायचं. ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत’ एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळी लागते. पहिली निवड फ्लूओक्सेटिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मुलांच्या नैराश्यासाठी मान्यता दोनच औषधांना आहे: फ्लूओक्सेटिन आठव्या वर्षापासून, एस्सिटालोप्राम बाराव्यापासून. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या टॅड्स या अभ्यासात (२००४) बारा आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, फक्त गोळीवर ६१, फक्त सीबीटीवर ४३, आणि खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर ३५ टक्के. आम्ही दोन्हीचा आग्रह धरतो तो या आकड्यांमुळे. आमचा सगळ्यात जास्त वाद होतो तो अॅमिट्रिप्टिलिन आणि अल्प्राझोलामवर. ‘झोप येईल’ म्हणून ती वर्षभर आधी कुणीतरी सुरू केलेली असतात. अॅमिट्रिप्टिलिनच्या जातीची जुनी औषधं लहान वयातल्या नैराश्यात फारसा उपयोग करत नाहीत आणि जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाला घातक ठरतात. अल्प्राझोलामची सवय लागते. ‘डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते’ हा समज आला तो बहुधा तिथून, आणि त्याची किंमत फ्लूओक्सेटिन मोजतं.

सुरुवात १० मिलिग्रॅमने, सकाळी नाश्त्यानंतर. एक-दोन आठवड्यांनी सोसल्यास २०. संध्याकाळी घेतली तर झोप बिघडते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, जुलाब होऊ शकतात. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत थांबतं. एस्सिटालोप्राम असेल तर ५ ने सुरू, मग १०. दुखण्यासाठी दुसरीकडून ट्रामाडॉल मिळालं तर ते यासोबत घ्यायचं नाही.

खरी अडचण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत असते. दुष्परिणाम लगेच येतात, गुण चार ते सहा आठवड्यांनी येतो. त्यातही आधी झोप आणि अंगातली ताकद सुधारते, मन मागून येतं. आणि पहिला बदल मुलाला स्वतःला जाणवत नाही, आईला दिसतो: ताटात वाढलेलं संपलं, अंघोळीला सांगावं लागलं नाही. ‘तीन आठवडे झाले, काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे इथेच जातात. याच काळात बारीक लक्षही ठेवावं लागतं. २००४ मध्ये अमेरिकेत या औषधांच्या पाकिटांवर ठळक चौकटीत इशारा आला. २४ चाचण्यांतल्या सुमारे ४,४०० मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्यांत ४ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के मुलांमध्ये आढळलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. पालकांना आम्ही हे आकडे सांगतोच. इंटरनेटवर अर्धवट वाचून घाबरण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं. पहिला महिना दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन. अचानक वाढलेली बेचैनी, एका जागी बसवेना, नवा संताप, दोन-तीन तासांच्या झोपेवरही उत्साह ऊतू जाणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं.

सहा ते आठ आठवडे पुरेसा डोस घेऊनही पीएचक्यूचा आकडा निम्म्यावर आला नाही, तर डोस वाढवण्याआधी विचारायचं: गोळी रोज पोटात जाते का? कपाटाच्या मागे साठा सापडलेली घरं कमी नाहीत. मग निदान पुन्हा तपासायचं. अत्याचार, नशा, बायपोलर यांपैकी काही सुटलं का. त्यानंतर डोस, किंवा दुसऱ्या औषधावर बदल. ३३४ मुलांवरच्या टॉर्डिया अभ्यासात (२००८) पहिल्या गोळीने गुण न आलेल्यांपैकी नुसतं औषध बदललेल्या ४१ टक्के मुलांना, तर बदलासोबत सीबीटी जोडलेल्या ५५ टक्के मुलांना उतार पडला.

मरणाचा बेत ठरलेला असेल, खाणंपिणं सुटलं असेल किंवा घरी सुरक्षित राहता येणार नसेल तर भरती करावं लागतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालक सोबत राहतात, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवणाऱ्या घरांना सांगायला हवं, की याच कायद्याच्या कलम ११५ मध्ये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे आणि तिच्यावर खटला चालवायला मनाई आहे.

पैशांचं म्हणाल तर फ्लूओक्सेटिन स्वस्त औषध आहे. महाग पडतं ते दर आठवड्याचं समुपदेशन. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला हवा, असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे; दावा नाकारला गेला तर कलम २१ दाखवायचं.

दुसरी मोठी गळती मूल बरं झाल्यावर होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मार्क वर येतात, आणि आजी म्हणते, ‘आता कशाला ती गोळी?’ पूर्ण बरं वाटू लागल्यापासून पुढे सहा ते बारा महिने तोच डोस चालू ठेवायचा असतो. अर्ध्यावर सोडलेल्यांत आजार लवकर उलटतो. बंद करायची वेळ दहावी-बारावीच्या परीक्षेपासून आणि निकालापासून लांब निवडायची. फ्लूओक्सेटिन शरीरात आठवडे रेंगाळतं, त्यामुळे उतरवताना फार त्रास होत नाही. एस्सिटालोप्राम एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके येतात, आणि घरचे त्यालाच ‘आजार परत आला’ किंवा ‘सवय लागली होती’ समजतात. म्हणून दोन-तीन महिन्यांत थोडं थोडं कमी.

बरं झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना पुढच्या काही वर्षांत पुन्हा झटका येतो. गोळी थांबल्यावर पहिले तीन महिने दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी बोलावतो. शेवटच्या सीबीटी भेटीत मूल स्वतःची यादी लिहितं: माझ्यात आधी काय बिघडतं. कुणाची झोप, कुणाचं मेसेजना उत्तर देणं, कुणाचं केस विंचरणं. यादीतल्या दोन गोष्टी सलग आठवडाभर दिसल्या की दोन आठवडे पूर्ण होण्याची वाट न बघता यायचं. केसपेपर जुनाच चालतो.